जाळीपाशी

कंत्राट असं होतं: एकोणसत्तर जाळ्या,
प्रत्येकीशेजारी वस्तीच्या भाषेत एकच वाक्य.
जाळी म्हणजे रस्त्याकडेची, पावसाचं पाणी गिळणारी.
लोक तिला गडर म्हणतात. मीही म्हणायचो.
सुगंधाताई रामटेके म्हणाल्या, पेंटर, गडर वेगळं,
त्याचं पाणी निदान कुठंतरी गाळलं जातं,
हे सरळ नाग नदीत जातं.
मी विचारलं, म्हणजे नाल्यात?
त्या थांबल्या.
म्हणाल्या, तुम्ही लिहा. नदीत.

चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या,
मग फ्लेक्स आला, हात रिकामा झाला.
तो रिकामा हात आता एप्रिलच्या डांबरावर
उकिडवा बसला, डोक्याला ओला दुपट्टा बांधून.

मोमिनपुऱ्यात वसीउल्ला मिस्त्रीनं माझं उर्दू तपासलं,
इंजिनातल्या काळ्या तेलाचा डबा पायानं मागं सारत.
"नाली मत लिखो पेंटर, नाली पढ़के तो आदमी और डालेगा."
खडूनं त्यानं लिहून दिलं: दरिया.
आमच्यात दर्या म्हणजे समुद्र.
मी काही बोललो नाही.
म्हटलं, एवढं मोठं नाव कुणी दिलं असेल तिला
इतक्या वर्षांत?

जरीपटक्यात लाजवंतीबाई पापडाचं पीठ झटकत म्हणाल्या,
आमचं तर नावच नदीवरून पडलंय, आम्हांला काय शिकवता?
मग कढईतलं जुनं तेल कुठं जातं हे विचारल्यावर
खूप वेळ हसल्या, आणि चहा पाजला.
(तिथलं पाणी पिवळी नदीला जातं.
अकरा जाळ्यांवरचा 'नाग' मला खरवडून काढावा लागला.)

तांडापेठेत शामराव नंदनवारांच्या दारातून
गुलाबी ओहोळ येत होता. आमचा रंग पक्का, ते म्हणाले,
धुऊन बघा, सुटत नाही.
मग हे काय वाहतंय, भाऊ?
हा? हा सुटलेला.

बांधकामावरची फुलबासन घमेलं विसळत होती,
सिमेंटचं राखाडी दूध जाळीत उतरत होतं.
मी अक्षरांकडं बोट केलं.
"मोला पढ़े बर नइ आवय, भइया."
माझ्याकडं एवढ्या लिप्या, आणि तिच्या कामाची एक नाही.
म्हणून मासा काढला. गोल डोळा, हसरं तोंड,
पाट्यांवर काढत आलो तसाच.

दुभाजकावर देवांगना दिघोरे बसली होती,
पवनीकडची ढिवर, ताईंनीच बोलावलेली.
"दादा, हा हॉटेलातला मासा होय.
हा जन्मतो तेव्हाच तळलेला राहते."
तिनं ब्रश घेतला. चपटं डोकं, सापासारखं,
पाठीवरून शेपटापर्यंत एकच रेघ, हात न उचलता.
"ही मरळ. तुम्ही इथं ओतता ते आमच्याइथं येऊन थांबते.
धरण आहे नं. पुढं जाऊच देत नाही."
तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शेवटची जाळी संध्याकाळी संपली.
'नदी'ची वेलांटी अजून ओली होती.
मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळला,
आणि डबा तिरका केला,
चाळीस वर्षं करत आलो तसा,
समोरच्या जाळीत.

"ए बाबा," फुलबासनची पोरगी ओरडली,
"तेरा मछली मर जाएगा!"

ताई तेव्हा फोटो काढत होत्या, पलीकडं.
त्यांनी पाहिलं नाही.
थोडं सांडलंच होतं.

डबा घरी आणला. बायको म्हणाली, वास येतो.
तीन दिवसांनी रंग खाली बसला,
वर निवळ टर्पेंटाइन, पुन्हा वापरण्याजोगं.
ते अलगद दुसऱ्या बाटलीत काढलं.
तळाच्या गाळाचं काय करायचं, हे मी ताईंना फोनवर विचारलं.
त्या जरा गप्प झाल्या.
म्हणाल्या, विचारून सांगते.

डबा अजून खिडकीत आहे.