सरळ रेषेतलं अंतर

एप्रिलची सोळा तारीख.
रात्री निकाल सुटतात, सकाळी नऊपासून फोन.
स्विंडनच्या कौन्सिलात, दुसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला पाठ लावून मी बसते
आणि पाच वाजेपर्यंत सरकार असते.

माझ्या पडद्यावर शाळा म्हणजे एक ठिपका,
घर म्हणजे एक ठिपका,
मधे सरळ रेषा:
कुंपणांतून, रुळांवरून,
कुणाच्या तरी न्हाणीघरातून आरपार.
एवढं सरळ या गावात कुणी चालत नाही.
पाखरूसुद्धा वळसा घेतं.

फॉर्मवर लिहिलेलं असतं, पालकांची पसंती.
तीन रकाने.
मुलगी पाहायला यावं तशी माणसं शाळा पाहायला येतात,
वाचनाचा कोपरा बघतात, संडास बघतात,
मुख्याध्यापिकेच्या बुटांवरून काहीबाही ठरवतात
आणि घरी जाऊन कळवतात, पसंत आहे.
होकार तिकडून यायचा असतो
हे एप्रिलमध्ये कळतं.

कर्स्टी हॅमंड. वृद्धाश्रमात रात्रपाळी.
मुलगी फ्रेया, सव्वाचार वर्षांची.
हॉथॉर्न लेनची शेवटची जागा सहाशे एकेचाळीस मीटरवर संपली.
यांचं दार सहाशे बावन्नवर.
"अकरा मीटर म्हणजे नक्की किती?"
मी म्हटलं, साधारण एक बस.
ती हसली.
"बसच लागणार आता," म्हणाली. "एक नाही, दोन."

मी अपिलाची मुदत सांगितली.
आवाज मऊ ठेवला. त्याचं प्रशिक्षण असतं.

माझे वडील जिल्हा परिषदेचे मास्तर होते,
किनवटच्या पलीकडे, दोन खोल्यांची शाळा.
पट वीसच्या खाली आला की वरून पत्र यायचं,
मग ते तांड्यावर फिरायचे,
वीटभट्टीला निघालेल्या ट्रकपुढे सायकल आडवी घालायचे:
पोरीला ठेवून जा, माझ्या घरी जेवेल.
सेवंता राठोड दोन हिवाळे आमच्या घरी जेवली.
माझ्या वाटणीचं दूध तिला जायचं
म्हणून मी तिला चिमटे काढायची.
तिथे शाळाच पोरं शोधत दारोदार हिंडायची.

उगाच गोडवे नकोत.
वर्ग गळायचे. फळ्यावर ओल चढायची.
आणि सेवंताला पाढे शिकवून
माझ्या वडिलांनी मला
नांदेडला, आत्याकडे ठेवून, इंग्रजी शाळेत घातलं.
मास्तरांची पोर मास्तरांच्या पटावर नव्हती.
यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.
आता ते नाहीत.

आणि मी?
निषाद तीन वर्षांचा होता तेव्हा
बागेचं घर सोडून आम्ही हॉथॉर्न लेनला आलो.
भाडं दीडपट, कपाटामागे बुरशी,
अंतर दोनशे बारा मीटर.
नियमात बसतं.
नियम मीच तपासला होता,
कामाच्या वेळेत.

साडेचारला पुन्हा कर्स्टी.
झोप झालेली नव्हती, आवाजावरून कळतं.
"मोजता कुठून? पुढच्या दारापासून ना?
आम्ही मागच्या दारानेच येतो-जातो.
पुढचं फुगलंय, पावसात उघडतच नाही."

नियमात पुढचं, मागचं असं दार नसतं.
पत्त्याला एकच बिंदू असतो.
हे तिला सांगितलं.
फोन ठेवल्यावर मात्र
माउसने तो ठिपका धरला
आणि स्वयंपाकघरातून मागच्या पायरीपर्यंत हळूच ओढला.
सहाशे चाळीस.

फ्रेया आत आली.
आणि सहाशे एकेचाळीसवरचा मुलगा बाहेर पडला.
त्याच्या आईने सकाळीच आभाराचा मेल पाठवला होता,
त्याच्या गणवेशातल्या फोटोसकट,
बाही कोपरापासून दुमडलेली.

पडद्यावर प्रश्न आला: बदल जतन करायचे?

लिफ्टजवळ कुणीतरी केक कापत होतं.
मलाही हाक मारली.