लोढणं

ईली, मिनेसोटा. ऑक्टोबर.
वनखात्याच्या कचेरीत मी हंगामापुरती, बिनपगारी,
आणि टेबलावर अर्ज:
वाटेवर आडव्या पडलेल्या एका पाइनसाठी
चेनसॉ वापरू द्यावा का.
कारणं लिहा. पर्याय लिहा.
कमीत कमी किती केलं तर भागेल, तेही लिहा.

यंत्राला चार मिनिटं लागली असती.
अर्जाला सतरा पानं लागली,
आणि उत्तर आलं: नाही.

कायद्यात एक शब्द आहे,
इथल्यांनाही धड न उलगडणारा.
लोर्ना हॉगनला विचारलं, तर म्हणाली,
'मोकळं' असं समज.
रात्री भांडी विसळताना आठवलं,
आमच्याकडे पळकुट्या गुराच्या गळ्यात
ओंडका बांधायचे,
धावलं की गुडघ्यांवर आदळणारा.
म्हणजे हे रान,
ज्याच्या गळ्यात लोढणं नाही.
ती सतरा पानं सोडली तर.

मंगळवारी होडीतून गेलो.
करवतीच्या एका टोकाला आर्व्हिड कोस्की, वय एकाहत्तर,
दुसऱ्या टोकाला मी.
"ढकलू नकोस. नुसतं ओढ.
मग सोड. माझी पाळी मला दे."
दोन तास मी ढकलतच राहिले.
पातं वाकायचं, अडकायचं,
तो थांबायचा,
राळेवर रॉकेल शिंपडायचा,
बोलायचा काहीच नाही.

जेवताना त्याने हनुवटीने पलीकडचा काठ दाखवला.
तिथे त्याच्या वडिलांची झोपडी.
रान संरक्षित झालं तेव्हा सरकारने विकत घेतली,
मग जाळली, बर्फ पडल्यावर,
आग पसरू नये म्हणून.
"व्यवस्थित जाळली," तो म्हणाला.
आईने लावलेला रुबार्ब तेवढा राहून गेला.
दर वसंतात अजून उगवतो.
नियमाने ते परकं रोप,
दिसलं की नोंदवायचं, मग उपटायचं.
नोंदीची वही माझ्याकडे.

कायदा म्हणतो, माणूस इथे पाहुणा,
मुक्कामाला न आलेला.
माझ्या पासपोर्टात जवळजवळ हेच आहे,
वर शिक्का मारून.

चारच्या सुमारास ओंडका सुटला.
आवाज फारसा झाला नाही.
आर्व्हिडने हातमोजे काढले, वलयं मोजू लागला,
एकशे चाळीसपाशी चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.

परतताना होडी त्याने मुद्दाम त्या काठाने घेतली.
दहिवराने काळवंडलेली चार रुंद पानं,
जमिनीला टेकलेली.
त्याने पाहिलं. मी पाहिलं.

वहीत लिहिलं:
पाइन एक, हातकरवतीने, दोन माणसं, सहा तास.
परकी रोपं, या रकान्यात:
उजेड पुरेसा नव्हता.