दोन टिचक्या

पाद्री येणार नाहीत.
बोट धक्क्यापर्यंत आली, लाटा बघितल्या,
कप्तानानं दुरूनच भोंगा दिला
आणि क्लाक्सव्हीककडे वळला.
म्हणजे उद्या चर्चमध्ये उभं राहायचं मीच.
स्वीनॉयवर हिवाळ्यात हे असंच.
चाळीस वर्षं मासे चिरलेल्या हातांनी
मी लॅपटॉप उघडतो.

पडद्यावर सहा चौकोन.
डावीकडे मूळ ग्रीक, शेजारी आमची फेरोई,
खाली कोश, कोशाला टेकून नकाशा,
त्यात ऑलिव्हची झाडं; इथं बेटावर झाडच नाही.
उजवीकडे एक जर्मन टीकाकार, मेलेला, न थकणारा.
आणि तळाशी माझी टिपणं,
खवले उडाल्यासारखी कुठंही चिकटलेली.
सगळे एकदम बोलतात, मासळीच्या लिलावात बोलतात तसे.

सोल्रूननं फोनवर शिकवलं, कोपनहेगनहून:
बाबा, ज्याचं ऐकायचंय
त्याच्या माथ्यावर दोन टिचक्या मारा.
मारल्या.
कोश पसरला या काठापासून त्या काठापर्यंत.
बाकीचे नाहीसे.
घाबरलो. नकाशा गेला, फेरोई गेली,
जर्मन गेला (त्याचं एवढं काही नाही).
गेले नाहीत हो, मागे आहेत.
परत दोन टिचक्या मारा.
आणि खरंच, जो तो आपापल्या जागी;
जर्मन तर अर्ध्या वाक्यात थांबला होता
तो तिथूनच पुढे.

त्या रात्री मी हे तीसेक वेळा केलं असेल.
मोठं. पूर्ववत. मोठं. पूर्ववत.
चहा गार झाला.

मार्यूनचा पलंग असाच आणला होता बैठकीत.
जिना झेपेना तिला. थोडे दिवस, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मग थोड्या दिवसांपुरतं
टेबल गेलं बोटघरात, रेडिओ स्वयंपाकघरात,
लोकरीची टोपली जिन्याखाली,
माझी खुर्ची दाराआड.
घरभर एकच चौकोन.
तिचा खोकला, तिच्या गोळ्यांचे वार,
खिडकी उघड, नको, लाव, उघड जराशी.
त्या साली मेंढ्यांची लोकर कुणी काढली, आठवत नाही.
नातू चालायला लागला
ते मला फोटोवरून कळलं.

दोन हिवाळे.

मग फेब्रुवारीत आम्ही चौघांनी
पलंग बाहेर काढला, रिकामा, दारातून तिरका करून.
टेबल आणलं. रेडिओ आणला.
खुर्ची पुन्हा खिडकीशी.
सगळं आठवून आठवून, जिथल्या तिथं.

टेबल डुगडुगतं.
गालिच्यात पलंगाच्या पायांचे चार खड्डे आहेत,
त्यातल्या एकात टेबलाचा पाय उतरतो.
सोल्रून म्हणते, पुठ्ठा घाला खाली.
घालीन.
ती मागे आहे का, हे मात्र
मी तिला विचारलं नाही.
कॉम्प्युटरचं तिला कळतं,
म्हणून काय सगळंच विचारायचं?

आज शब्द आलाय मेनो.
राहणे. थांबणे. मुक्कामाला असणे. टिकणे.
चष्मा काढला तरी दिसेल एवढा,
पडदाभर.
याचाच एक अर्थ रात्रीपुरतं उतरणं
आणि याचाच एक अर्थ कधीच न जाणं.
कोश म्हणतो, संदर्भ पाहा.
संदर्भ मी झाकून ठेवलाय.

उद्या नऊ जण येतील,
वारा पडला तर अकरा.
म्हातारी बिल्हिल्ड पहिल्या बाकावर बसून झोपेल,
तिचा कुत्रा दाराशी जागा राहील.
त्यांना मी काय सांगू?
टिपणांत एवढंच लिहिलंय: पुठ्ठा.

बाहेर समुद्र दगड ओढतोय, सोडतोय.
बोट टेकवून ठेवलंय, टिचकी मारत नाही.
मागे जर्मन थांबलाय, अर्ध्या वाक्यात.
थांबू दे.