हिरानक्खीचे दहा दाणे

तलावाच्या पाळीखाली आमचं बीज-केंद्र.
दोन खोल्या, एक कूलर,
आणि टेबलावर, मिक्सरपेक्षा थोडं मोठं,
पांढऱ्या डब्यातलं चुंबक.
त्याला चाळीस अंश लागतात, ना एक कमी ना एक जास्त.
मे महिन्यात साकोली त्याच्याही पुढे जाते,
तेव्हा आम्ही कूलर चुंबकाकडे वळवतो
आणि स्वतः घाम पुसत बसतो.

जैवंताबाई कुमरे आल्या
पदराच्या गाठीत बियाण्याचा धान घेऊन.
"पाय ना बापू तुह्या मशिनीत, वाळला का नाई."
मी दहा दाणे मोजले, काचेच्या नळीत सोडले,
नळी चुंबकाच्या पोटात.

पाण्याच्या प्रत्येक कणात दोन बारके भोवरे, मी म्हणालो.
चुंबकाजवळ ते एका बाजूला कलतात,
सगळे नाही, दहा लाखांमागे एखाद-दुसरा जास्तीचा.
आपण रेडिओची टिचकी मारायची.
ते आडवे होतात, एका तालात गरगरतात,
मग ताल सुटत जातो.
मोकळ्या पाण्याचा सुटायला दोन-अडीच सेकंद.
दाण्यात पिठाला चिकटलेलं पाणी
पापणी लवायच्या आत गप्प.

"मंजे पानी बोलते?"
बोलतं ते सोडा, गप्प व्हायला किती वेळ घेतं
तेवढं आम्ही मोजतो.
"मंग आमचा सरपंच निरा मोकळं पानी हाय."

पडद्यावर आकडा उतरला. बारा पूर्णांक एक.
वाळला, म्हणालो, खुशाल ढोलीत भरा.
त्यांनी नळी उलटी केली,
एक दाणा उचलून दाढेखाली धरला.
दोघांनीही ऐकलं.
कट् वाजायला हवं होतं.
"पोटात ओला हाय. दोन ऊनं पायजेत अजून."

आकडा खोटा नव्हता. एकटा होता, एवढंच.
मी उतरती रेघ पुन्हा उघडली:
आधी कडा कोसळावा तशी,
आणि खाली, शेपटीला, काही तरी रेंगाळलेलं,
बोडीच्या तळाशी उन्हाळ्यात राहते तेवढी ओल.
पण कोंबातलं तेलही असंच रेंगाळतं.
म्हणून गाठीतले आणखी दाणे भट्टीत ठेवले, रात्रभर.
उद्या या, म्हणालो.

त्या उठल्या नाहीत.
"मले बी घातलं होतं नळीत,
नागपुराले, कंबरेसाठी.
जोडवी काढाले लावली, साबन लावून बी निंघेनात.
आत कोनी तरी ढेकीवर पोहे कांडत होता.
हालू नोको, हालू नोको.
आन् मंग एक कारा फोटू देल्ला."

तेच हे, मी म्हणालो, फक्त मोठं.
मणक्यांमधल्या चकतीतलं पाणी आटलं
की ती फोटोत काळी दिसते.
त्यांनी कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मंजे दोन ऊनं जास्तीचीच खाल्ली मी."

सकाळी भट्टीतल्या दाण्यांचं तेल वजा केलं.
तरी शेपटी उरली. अगदी थोडी,
पण कोंबाजवळ कुठं तरी
पाणी अजून सुटं हिंडत होतं,
पेशी अजून पुरत्या निजल्या नव्हत्या.
(लुचईच्या पिशवीत मात्र दाढ चुकली,
भट्टी आणि चुंबक एकीकडे, त्या एकीकडे.
"तीनच उरल्या बापू, आन् त्या बी एकाच अंगाच्या,"
असं म्हणून हसल्या, तोंडावर पदर न घेता.)

हिरानक्खी पुन्हा ताडपत्रीवर गेली,
दोन उन्हांसाठी.

दुपारी वही भरायला घेतली.
नमुना आला: दहा दाणे.
नमुना परत: नऊ.
शेऱ्याचा रकाना नखाएवढा.
पेन थोडा वेळ तसाच धरून ठेवला,
मग लिहिलं:
एक दाढेनं तपासला.