मोकळी जागा

मी यंत्र भिंतीला टेकवलं
आणि लाल ठिपका समोर जाऊन
कॅलेंडरातल्या संकष्टीवर बसला.
तीन मीटर बेचाळीस.
मग आडवं. चार साठ.
मुगभाट, चाळ नंबर दोन, खोली एकवीस,
भाडेकरू तळपदे रघुवीर मोरेश्वर,
पावती अजून वडिलांच्या नावे.
चटई क्षेत्र एकशे एकोणसत्तर फूट.
सही इथे.

म्हातारा चष्मा पुसत होता.
‘गॅलरी धरलीत?’
गॅलरी सामाईक, ती धरत नाहीत.
‘पोटमाळा?’
उंची कमी पडते काका, उभं राहता येत नाही.
‘झोपता येतं. धाकटा बारा वर्षं झोपला.’
फॉर्मात झोपेला रकाना नव्हता.
‘आणि ही भिंत? दीड फूट आहे.
कोनाड्यात आमचा रेडिओ असायचा,
चार बिऱ्हाडं ऐकायची.’
भिंत आतून मोजतात, मी म्हटलं,
आणि टेप गुंडाळायला लागलो.

तेव्हा त्याने फळीवरून
बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.
अडतीस वर्षं ठाकूरद्वारच्या छापखान्यात
खिळे जुळवले होते त्याने, उभ्याने.
मला वाटलं, आता अक्षरं दाखवणार.
पण त्या तुकड्यांवर काहीच नव्हतं.
बुटके, गुळगुळीत, बोथट.

‘ह्या स्पेसा. दोन शब्दांमध्ये घालायच्या.
कागदावर दिसत नाहीत,
पण विसरलात
तर पान उचलताना ओळ गळते,
सगळे खिळे फरशीवर.
रिकामी जागासुद्धा शिशाची असते, साहेब.
मालक तिचंही वजन करून घ्यायचा.’

एक तुकडा त्याने माझ्या तळहातावर ठेवला.
दिसायला एवढासा, आणि जड.
मी घड्याळ बघितलं.
अजून सतरा खोल्या राहिल्या होत्या.

पुढे काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.
भाड्याचे चेक आधी वेळेवर आले,
मग उशिरा आले,
मग बिल्डरच्या ऑफिसखाली घोषणा,
मग नवा बिल्डर.
साडेसात वर्षं.
खोली चौदाच्या दळवींनी दोन वेळा नातवाला सांगितलं,
माझ्या नावाची चावी तू घे.
त्याने घेतली.

आता तिथे दोन इमारती आहेत.
एकीचं नाव मला नीट म्हणता येत नाही,
एक्कावन्न मजले, समुद्र दिसतो.
दुसरी तिच्या मागे, बावीस मजले,
नकाशात तिचं नाव ‘पुनर्वसन बी’.
माझाच नकाशा.

ताबा देताना तपासणीला गेलो.
चौदाव्या मजल्यावर तळपद्यांचं दार बंद,
आत टीव्ही नाही, कुकर नाही,
पॅसेजमध्ये नळीदिवा भर दुपारी जळत होता
आणि सहा दारं, सहाही बंद.
लिफ्टवाला म्हणाला,
म्हातारा ना? आठव्यावर बघा.

आठव्यावर अर्धा मजला मोकळा होता,
आग लागली तर लोकांनी थांबावं म्हणून
कायद्याने सोडायला लावलेला.
भिंतीवर तांबडी पाटी : येथे बसण्यास मनाई आहे.
पाटीखाली घडीच्या पाच खुर्च्या,
एक कॅरम, कुणीतरी वाळत घातलेले पापड,
आणि तो, बनियनवर,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतल्या चुका काढत.

मला ओळखलं.
‘ही धरलीत का मोजमापात?’
नाही काका. ही एफएसआयमध्येही येत नाही.
‘मग बरोबर आहे,’ तो म्हणाला
आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवली.
खाली वॉचमनची शिट्टी वाजली.
कुणी उठलं नाही.

सवयीने मी यंत्र कठड्याला टेकवलं.
लाल ठिपका दोन इमारतींमधल्या फटीतून गेला
आणि कुठेच बसला नाही.
पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा.