पाच मिनिटांचा संसार

धोपाव्याच्या जेटीवर, दोनला दहा कमी असताना
फेरीबोटीची लोखंडी फळी खाली येते,
आधी मोटरसायकली, मग बर्फाचा टेम्पो, मग मी.
भूषण उभाच असतो पत्र्याच्या सावलीत,
खांद्यावर बाळ, बगलेत वर्कशॉपची वही,
मागे गुहागरची एसटी घुरघुरत.

पाच मिनिटं आमचा संसार.

"अकराला प्यायला. निम्मं ओकला.
शी हिरवट होती, बघ तू.
भात झाकलाय. लंगोट अजून ओले."
मी हात पुढे करते, तो बाळ सोडतो,
बाळ त्याची कॉलर सोडत नाही.
एकेक बोट उलगडावं लागतं,
जाळ्यातली कुर्ली सोडवावी तसं, बेताबेतानं.
मग तो धावतो. एसटीच्या पायरीवरून
वळून काहीतरी ओरडतो, ते धुरात जातं.
रात्री विचारावं, तर झोपलेला असतो
तोंडावर डिझेल इंजिनाचं पुस्तक घेऊन.

दापोलीत मी नर्सिंग शिकते.
सकाळी दहाला रबरी बाहुलीला अंघोळ घालते.
"मान सांभाळ, मान!" बाई ओरडतात.
बाहुलीची मान कुठे पडते?
जी पडते ती खाडीपलीकडे
एक होऊ घातलेला मेकॅनिक धरून बसलाय,
चिंचेनं तीनदा हात घासून,
तरी नखांत ग्रीस आहेच.

त्याला अंगाई येत नाही.
झोळीच्या दोरीला झोका देत पाठ करतो,
सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट,
सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर,
आणि चौथ्याला बाळ नेमकं वारा सोडतं.
"बघ," म्हणतो, "ह्याला माझ्याआधी कळलं."

बारसं लांबलंय. परीक्षा होऊ दे, मग.
लसीच्या कार्डावर अजून
बेबी ऑफ दर्शना पालशेतकर.
फेरीबोटीवरचे दिलावरभाई त्याला पासवाला म्हणतात,
तिकीट न काढता लसीला जातो-येतो म्हणून.

आणि मग तो मंगळवार.
माझा पेपर दहाला, त्याचं प्रॅक्टिकल साडेनऊला,
शेजारच्या काकी चिपळूणला, लेकीच्या बाळंतपणाला.
आम्ही रात्रभर भांडलो, हळू आवाजात,
झोळीच्या दोन्ही बाजूंनी.
सकाळी दिलावरभाईंनी तिकिटांची पेटी बाजूला सरकवली.
"ठेव इथं. बोट काय कुठं पळून जात नाय.
ह्या काठावरून त्या काठावर."

प्रश्न तिसरा. स्तनपानाचे फायदे लिहा. गुण दहा.
मी पाच लिहिले, सहावा लिहिताना
एप्रन ओला झाला.
सुपरवायझर बाईंनी पाहिलं,
काही बोलल्या नाहीत, पंखा माझ्याकडे वळवला.
सहावा फायदा मी लिहिलाच नाही.

परत आले तेव्हा बाळ एका मासळीवालीच्या मांडीवर,
टोपलीला टेकून गाढ.
त्याच्या टाळूला बांगड्याचा वास, कुणाचं तरी अत्तर,
डिझेल, आणि खोबरेल तेल, जे आमच्या घरात नसतं.
"आठ खेपा," दिलावरभाई म्हणाले,
"एकदाच रडला. भोंग्याला."
मी पैसे काढले, तर त्यांनी खाडीकडे तोंड फिरवलं.

परवा एसटी बंद पडली.
ड्रायव्हर बॉनेट उघडून शिव्या देत होता
आणि आम्हाला अचानक वीस मिनिटं मिळाली.
बसलो जेटीच्या पायरीवर. काय बोलावं सुचेना.
शी सांगून झाली, भात सांगून झाला.
भूषण कान देऊन इंजिन ऐकत होता,
"हवा धरलीय डिझेल लाइननं," पुटपुटला, पण उठला नाही.

शेवटी मी विचारलं,
पायरीवरून रोज काय ओरडतोस?

"कुठं काय," म्हणाला, "जेवून घे म्हणतो."

मी तर रोज बाळाला पाजून तशीच झोपते.
हे त्याला सांगितलं नाही.
भरतीचं पाणी एक पायरी वर आलं,
आम्ही एक पायरी वर सरकलो,
बाळाच्या मुठीत पुन्हा त्याची कॉलर होती.