आधी शेळी

मे महिन्यात, कृष्णा पार तळाला गेलेली,
घाटाच्या पायऱ्या सगळ्या उघड्या,
तेव्हा ही पोरं घरोघर फिरत होती
पुराची वही घेऊन.

मी हसलो. ग्रामपंचायतीचा शिपाई मी.
माझ्याकडे शाळेच्या किल्ल्या, भोंग्याचा माइक
आणि तीन पुरांची अक्कल.
"शिरीन, ऊन लागंल गं. पूर काय वही बघून येतोय व्हय?"
मुलाण्यांची पोर, एकोणीस वर्षांची.
"पुरानं नाही ओ काका, आपण बघायची."

प्रश्न तरी कसले तिचे:
रात्री दाराला आतून कुलूप घालता का.
इन्सुलिन कुणाच्या फ्रिजमध्ये.
म्हैस परक्याला हात लावू देते का.
मागून पारस मगदूम टेप धरून
उंबरे मोजायचा, भिंतीवर निळी रेघ ओढायचा:
आयर्विन पुलाला चाळीस फूट, तर इथं घोटा.
त्रेचाळीसला गुडघा.

अपशकुन करताय भिंतींना, म्हणाले लोक.
कदमांनी मांडव घालायच्या आधी
रेघेवर चुना मारून घेतला.
वरात गेल्यावर तिनं पुन्हा ओढली.

ऑगस्टात, एका मंगळवारी,
कोयनेचं पाणी किती तासांत पोचतं
ते मी भोंग्यावर वाचलं तिच्या चिठ्ठीवरून.
आवाज माझा, अक्षर तिचं.
तिसरी गल्ली आधी, तिथं पाणी मागनं येतं, ओढ्यानं.
हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं.
विचारलं कुणी नव्हतं.

हौसाक्का हलेना.
मागच्या पुरात जवानांनी हात जोडले
तरी दोन रात्री माळ्यावर बसून राहिलेली बाई.
मी आवाज चढवला. सरपंच आले.
तिनं तोंड भिंतीकडं केलं.
शिरीननं वही उघडली, पान वाचलं, मिटली,
आणि काही न बोलता
खुंट्याची दोरी सोडली.
शेळी निघाली शाळेच्या चढाला.
मागनं हौसाक्का, अनवाणी, शिव्या देत.

नंतर ते पान मी बघितलं.
घर नंबर एकशे बारा. माणसं: एक.
खाली पेन्सिलीनं,
'आधी शेळी न्यावी. मग त्या येतात.'

पाणी गुडघ्याच्या रेघेखाली बोटभर थांबलं.
उगाच पळवलं, म्हणाले लोक.
म्हणू देत.

वही भिजून फुगलीय.
शाळेच्या पडवीत दोरीवर
पारस एकेक पान चिमट्यानं अडकवतोय.
मी विचारलं, माझ्या घराचं कुठाय गं?
लिहिलंय की, म्हणाली.
दाखवलं मात्र नाही.